आकस्मिक व अनाकलनीय अर्भकमृत्यू : पालकांचा शोक, अपराधभाव आणि आधाराची दिशा

बीजसंज्ञा : अर्भकमृत्यू, अपत्यवियोग, शोक, अपराधभाव, सामाजिक आधार, समुपदेशन

प्रस्तावना

मानवी जीवनातील दुःखांमध्ये अपत्यवियोगाचे दुःख सर्वांत दुःसह मानले जाते. दीर्घ आजाराने मूल दगावले तर त्या मृत्यूला निदान एक नाव असते. न्यूमोनिया, कावीळ, हृदयातील जन्मजात दोष असे काहीतरी सांगता येते. परंतु रात्री अंगावर पिऊन शांत झोपलेले तीन महिन्यांचे सुदृढ बाळ पहाटे निष्प्राण आढळते, तेव्हा त्या घरावर दुहेरी आघात होतो. बाळ गेल्याचा आघात असतोच, पण 'का गेले' या प्रश्नाला उत्तर नसल्याचाही एक स्वतंत्र आघात असतो. पहिल्या आघाताची तीव्रता काळाने थोडीफार कमी होते. दुसरा मात्र कित्येकदा आयुष्यभर सोबत राहतो, कारण उत्तराची मोकळी जागा माणसाचे मन फार काळ मोकळी ठेवू शकत नाही. ती जागा बहुधा दोषारोपाने भरली जाते. कधी आई स्वतःला दोष देते, कधी कुटुंब तिला दोष देते, तर कधी शासनयंत्रणाही त्यात सामील होते.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा पुढील तीन अंगांनी विचार करावयाचा आहे.

१. आकस्मिक अर्भकमृत्यूविषयी वैद्यकशास्त्र आज काय सांगू शकते व काय सांगू शकत नाही, हे समजून घेणे.
२. 'कारण अज्ञात' या स्थितीतून अपराधभाव व संशय कसे निर्माण होतात, याचे विवेचन करणे.
३. आपल्या सांस्कृतिक संदर्भात अशा पालकांना कुटुंबाकडून, समाजाकडून व शैक्षणिक संस्थांकडून कोणता आधार मिळू शकेल, याची दिशा सुचविणे.

संज्ञा व स्वरूप

एक वर्षाच्या आतील बाळाचा अचानक झालेला मृत्यू, ज्याचे कारण संपूर्ण शवविच्छेदन, मृत्यूच्या जागेची पाहणी आणि बाळाच्या व कुटुंबाच्या वैद्यकीय इतिहासाचा अभ्यास या तिन्ही गोष्टी करूनही सापडत नाही, त्यास 'सडन इन्फंट डेथ सिंड्रोम' असे म्हटले जाते. ही संज्ञा १९६९ मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील परिषदेत प्रथम मांडली गेली. जुन्या इंग्रजी व्यवहारात यालाच 'कॉट डेथ' म्हणत. येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. हे एखाद्या विशिष्ट रोगाचे नाव नसून इतर सर्व ज्ञात कारणे वगळल्यानंतर उरलेल्या मृत्यूंना दिलेले नाव आहे.

अशा मृत्यूंचे प्रमाण दोन ते चार महिने या वयात सर्वाधिक असते आणि मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये ते काहीसे जास्त आढळते. १९९४ मध्ये फिलिआनो व किनी या संशोधकांनी 'त्रिविध जोखीम' हे प्रारूप मांडले. त्यानुसार तीन घटक एका वेळी जुळून आले तर मृत्यू ओढवतो : बाळातील मूळची एखादी अदृश्य दुर्बलता, वाढीचा नाजूक टप्पा, आणि पालथे झोपणे, तोंडावर पांघरूण येणे, खोलीतील धूर किंवा अतिउष्णता यांसारखा एखादा बाह्य ताण. किनी यांच्या पुढील संशोधनात अशा अनेक बाळांच्या मेंदूच्या तळाशी, श्वसन व जागृती यांचे नियंत्रण करणाऱ्या भागात, सेरोटोनिन या रसायनाच्या यंत्रणेत बिघाड दिसून आला. प्राणवायू कमी पडताच निरोगी बाळ दचकून जागे होते, मान वळवते किंवा रडते. या बाळांना ते साधत नसावे, असा त्याचा अर्थ लावला जातो. ही दुर्बलता डॉक्टरांना तपासणीत दिसत नाही आणि आईलाही दिसणे शक्य नसते.

तज्ज्ञांचा सल्ला आणि बदलते ज्ञान

या विषयाचा इतिहास पालकांच्या अपराधभावाच्या दृष्टीने बोधप्रद आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून पाश्चात्त्य देशांत बाळाला पालथे झोपवावे, असा सल्ला बालसंगोपनाच्या पुस्तकांतून सर्रास दिला जात असे. डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या जगभर खपलेल्या पुस्तकाच्या आवृत्त्यांतही तो होता. उताण्या बाळाला उलटी झाल्यास ते गुदमरेल, अशी त्यामागील समजूत होती. प्रत्यक्षात पालथे झोपविण्याने धोका वाढत होता. १९८७ मध्ये नेदरलँड्समध्ये, १९९१ मध्ये न्यूझीलंड व ब्रिटनमध्ये आणि १९९४ मध्ये अमेरिकेत बाळाला उताणे झोपविण्याच्या मोहिमा सुरू झाल्या. अमेरिकेत १९९० मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे सुमारे १३० असलेले या मृत्यूंचे प्रमाण २०२० पर्यंत सुमारे ३८ वर आले. यातील काही घट मृत्यूंच्या वर्गीकरणात झालेल्या बदलामुळे आहे, तरीही मोहिमांचे यश निर्विवाद आहे.

मात्र २००५ मध्ये रूथ गिल्बर्ट व सहकाऱ्यांनी उपलब्ध पुराव्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा पालथे झोपविण्याचा धोका १९७० पर्यंतच्या पुराव्यांतूनच ओळखता आला असता, असे दिसून आले. तो वेळीच ओळखला गेला असता तर युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलेशियात मिळून किमान पन्नास हजार बाळांचे मृत्यू टळू शकले असते, असा त्यांचा अंदाज आहे. त्या काळातील असंख्य मातांनी तज्ज्ञांचा सल्ला तंतोतंत पाळला होता. त्यांच्या काळजीत कसूर नव्हती. उणीव तत्कालीन ज्ञानात होती. मृत्यूनंतर हाती आलेल्या ज्ञानाने मृत्यूपूर्वीच्या वर्तनाचा न्याय करता येत नाही, हे तत्त्व शोकग्रस्त पालकांशी बोलताना फार मोलाचे ठरते.

याच ठिकाणी आणखी एक भेद स्पष्ट करणे उचित होईल. 'जोखमीचा घटक' ही संकल्पना समूहाविषयी बोलते. लाखो बाळांमध्ये पालथे झोपणे व मृत्यू यांचा संबंध दिसतो. परंतु पालथी झोपणारी बहुसंख्य बाळे सुखरूप वाढतात आणि उताणी झोपलेली काही बाळेही दगावतात. म्हणून एखाद्या विशिष्ट बाळाच्या मृत्यूचे कारण त्या आकडेवारीतून निश्चित करता येत नाही. समूहाची संभाव्यता व्यक्तीच्या माथी दोष म्हणून मारणे हा तर्कदोष आहे. शोकाच्या प्रसंगी हाच तर्कदोष क्रूर रूप धारण करतो.

अज्ञात कारण आणि अपराधाचा संशय

या तर्कदोषाचे भयावह उदाहरण म्हणजे ब्रिटनमधील सॅली क्लार्क यांचा खटला. वकिली करणाऱ्या या महिलेचे दोन मुलगे अनुक्रमे १९९६ व १९९८ मध्ये काही आठवड्यांचे असताना अचानक दगावले. १९९९ मध्ये तिला दोन्ही खुनांबद्दल दोषी ठरविण्यात आले. बालरोगतज्ज्ञ सर रॉय मेडो यांनी साक्षीत सांगितले की, अशा कुटुंबात एक मृत्यू होण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक असल्याने दोन मृत्यूंची शक्यता सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक ठरते. हा आकडा केवळ वर्ग करून काढलेला होता. दोन भावंडांचे मृत्यू परस्परांपासून स्वतंत्र आहेत, हे त्यात गृहीत धरले होते. वस्तुतः समान जनुके व समान परिस्थिती यांमुळे तसे मानता येत नाही. शिवाय एकाच आईने दोन बाळांचा खून करणे हीदेखील अत्यंत दुर्मीळ घटना असून, तुलना या दोन दुर्मीळ शक्यतांमध्ये व्हावयास हवी होती. २००१ मध्ये 'रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटी'ने या मांडणीवर जाहीर आक्षेप घेतला. धाकट्या बाळाच्या नमुन्यांत जंतुसंसर्ग आढळल्याचे अहवाल बचाव पक्षाला दिलेच गेले नव्हते, हेही पुढे उघड झाले. २००३ मध्ये तिची शिक्षा रद्द झाली. या धक्क्यातून ती सावरली नाही आणि २००७ मध्ये तिचे निधन झाले.

ऑस्ट्रेलियातील कॅथलीन फोलबिग यांचे प्रकरण आपल्या विषयाच्या अधिकच जवळचे आहे. १९८९ ते १९९९ या काळात त्यांची चार मुले दगावली. २००३ मध्ये त्यांना शिक्षा झाली. खटल्यात त्यांच्या खाजगी रोजनिशीतील स्वतःला दोष देणारी वाक्ये कबुलीजबाबासारखी वापरली गेली. पुढे त्यांच्या दोन मुलींमध्ये हृदयाच्या ठोक्यांशी निगडित 'कॅल्म-टू' या जनुकातील बदल आढळला. निवृत्त मुख्य न्यायाधीश टॉम बॅथर्स्ट यांच्या चौकशीत त्या रोजनिशीकडे गुन्ह्याची विश्वसनीय कबुली म्हणून पाहता येत नाही, असे मत नोंदविले गेले. जून २०२३ मध्ये फोलबिग यांना माफी मिळाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये शिक्षा रद्द झाली. तोपर्यंत त्यांनी तुरुंगात वीस वर्षे काढली होती.

अपत्य गमावलेल्या आईने 'मीच कमी पडले', 'माझ्यामुळेच गेले' असे म्हणणे हा शोकाचा अत्यंत सामान्य उद्गार आहे. त्याला कबुलीजबाब समजणे म्हणजे शोकाची भाषाच न कळणे होय. न्यायालयात झालेली ही चूक घराघरांतून लहान प्रमाणात रोज होत असते. आई स्वतःला दोष देते आणि भोवतालची माणसे तो दोष मुकाट्याने मान्य करतात. कधी ती गप्प राहतात, तर कधी 'तू जरा उठून बघायला हवं होतंस' एवढे एकच वाक्य बोलतात.

बाळांविरुद्धचे खरे गुन्हे घडतच नाहीत, असा याचा अर्थ नव्हे. म्हणूनच चौकशी आवश्यक असते. मात्र ती शास्त्रशुद्ध व सहृदय असावी लागते. वरील प्रकरणांनंतर ब्रिटनमध्ये हेलेना केनेडी यांच्या अध्यक्षतेखालील गटाने २००४ मध्ये अशा मृत्यूंच्या तपासाची कार्यपद्धती सुचविली. तपास आणि पालकांचा आधार ही दोन्ही कामे एकाच वेळी व समान जबाबदारीने केली पाहिजेत, हे तिचे सूत्र आहे.

आपला सामाजिक-सांस्कृतिक संदर्भ

भारतात १९७१ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे १२९ अर्भके वर्षाच्या आत दगावत. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०२३ मध्ये हा दर २५ इतका खाली आला. आपल्याकडील बहुतेक अर्भकमृत्यूंना अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मतः गुदमरणे, जंतुदोष, न्यूमोनिया अशी ओळखता येण्याजोगी कारणे असतात. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील प्रशिक्षित आरोग्यदूतांच्या साहाय्याने नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी कमी केला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मधून प्रसिद्ध झालेले हे कार्य जगभर गौरविले गेले. म्हणून आपल्याकडे 'कारण कळले नाही' असे म्हणताना कारण शोधूनही सापडले नाही की शोधलेच गेले नाही, हा भेद केला पाहिजे. अर्भकाच्या शवविच्छेदनाला कुटुंबे सहसा राजी होत नाहीत. पोलिसांची भीती, 'एवढ्याशा जिवाची चिरफाड नको' ही भावना आणि लवकर माती देण्याची घाई ही त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. तथापि तपासणीतून 'दोष कोणाचाच नव्हता' एवढे जरी कळले तरी पुढील आयुष्यासाठी तो मोठा आधार ठरतो. केंद्र शासनाने बालमृत्यू अन्वेषणासाठी २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. त्यांची अंमलबजावणी या दृष्टीनेही महत्त्वाची आहे.

आपल्या परंपरेने या अनाकलनीय घटनेला दोन प्रकारची उत्तरे दिली आहेत. एक उत्तर सटवाईचे आहे. पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी त्याचे भाग्य लिहून जाते, या श्रद्धेनुसार आयुष्याची दोरी आधीच ठरलेली असते. हे उत्तर शास्त्रीय नाही, परंतु ते आईला दोषमुक्त करते. दुसरे उत्तर दृष्ट, करणी, पांढरा पायगुण यांचे. हे उत्तर कोणाला तरी दोषी ठरविते, आणि ती व्यक्ती बहुधा घरातील एखादी स्त्री असते. श्रद्धांचा विचार करताना समुपदेशकाने हा भेद जाणला पाहिजे. पहिल्या श्रद्धेत विसावा शोधणाऱ्या आजीशी वाद घालण्याचे प्रयोजन नाही. दुसरीचा मात्र ठामपणे प्रतिवाद केला पाहिजे.

अंत्यविधीचाही येथे विचार करावा लागतो. दोन वर्षांच्या आतील बालकाचे दहन न करता त्यास भूमीत पुरावे, असे मनुस्मृती व याज्ञवल्क्यस्मृती सांगतात. अशा मृत्यूचे आशौचही अल्प मानले आहे. बालमृत्यू घरोघरी होत असलेल्या काळात या नियमांनी कुटुंबाचे व्यवहार थांबू दिले नाहीत, असे म्हणता येईल. आजच्या एक-दोन अपत्यांच्या कुटुंबात मात्र याचा परिणाम वेगळा होतो. दहावे-तेरावे नसते, पुष्कळदा भेटायला येणारी माणसेही मोजकीच असतात, आणि आईला तर बहुधा स्मशानभूमीतही नेत नाहीत. केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये मांडलेली 'समाजाने मान्यता न दिलेला शोक' ही संकल्पना येथे तंतोतंत लागू पडते. दुःख असते, परंतु ते करण्याचा अधिकार आणि अवकाश नसतो. बालमृत्यू विरळ झाल्याने हा शोक अधिकच एकाकी झाला आहे.

शोकाची वाटचाल

एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पाच अवस्था आपल्या अभ्यासक्रमांतून सुपरिचित आहेत. तथापि त्या मुळात मरणासन्न रुग्णांच्या मुलाखतींवर आधारलेल्या होत्या. शोक त्याच क्रमाने चालतो, असे मानण्यास पुरेसा आधार नाही. श्ट्रोबे व शूट यांनी १९९९ मध्ये मांडलेले प्रारूप अधिक उपयुक्त वाटते. त्यांच्या मते शोकग्रस्त व्यक्ती वियोगाच्या दुःखाला सामोरे जाणे आणि दैनंदिन आयुष्य पुन्हा उभे करणे या दोन टोकांमध्ये सतत ये-जा करते. ही ये-जा हेच निरोगीपणाचे लक्षण आहे. पंधरा दिवसांनी कामावर गेलेला पिता निष्ठुर नसतो आणि सहा महिन्यांनी झबले छातीशी धरून रडणारी माता दुबळी नसते. बहुधा दोघे दोन टोकांना असतात, एवढेच. हे लक्षात न आल्याने पतिपत्नींमध्ये गैरसमज वाढतात. पुरुषाला तर 'तू खंबीर राहा' असे बजावून त्याचा शोक आणखीच दडपला जातो.

१९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन व निकमन यांनी मांडलेला 'टिकून राहणारे अनुबंध' हा विचारही महत्त्वाचा आहे. मृत व्यक्तीला विसरणे हे शोकाचे साध्य नसून तिच्याशी असलेल्या नात्याचे रूप बदलणे, हे साध्य आहे. आपल्याकडे घरातील वडीलधारी माणसे बाळाचे कपडे, पाळणा, छायाचित्रे तातडीने नजरेआड करतात. हेतू चांगला असतो, परंतु आईला न विचारता तसे करू नये. बाळाचे नाव घेणे, वाढदिवस आठवणे, एखादे झाड लावणे या साध्या गोष्टींनी त्या अल्पायुष्याला साक्ष मिळते.

दीर्घकाळ झोप न लागणे, जगण्याची इच्छा न उरणे, एक वर्ष उलटूनही दैनंदिन जीवन ठप्प असणे ही लक्षणे दिसल्यास मात्र मानसोपचारतज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे. 'टेली-मानस' ही शासकीय सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. जीव देण्याचे विचार येत असल्यास वाट न पाहता त्याच दिवशी मदत मिळविली पाहिजे.

आधाराची दिशा

वरील विवेचनावरून काही व्यावहारिक सूचना करता येतील.

१. बोलण्याविषयी : 'देवाची इच्छा', 'अजून वय आहे, दुसरं होईल', 'मनाला लावून घेऊ नको' ही वाक्ये टाळावीत. एक मूल दुसऱ्याची जागा घेत नाही. 'काय झालं ते कुणालाच कळलेलं नाही, पण तुझी काळजी कमी पडली असं मला वाटत नाही' हे साधे वाक्य, तपासातून वेगळे काही निष्पन्न झालेले नसताना, सत्यही असते आणि सांत्वनपरही. झोपविण्याच्या पद्धतीविषयीचा उपदेश गरोदरपणात व प्रसूतीनंतर लगेच द्यावा. मृत्यू घडलेल्या घरी तो करू नये.

२. आईच्या शरीराविषयी : बाळ गेले तरी पान्हा थांबत नाही. याविषयी कोणी बोलत नाही आणि आई एकटीच ही वेदना सोसते. छाती घट्ट बांधण्याऐवजी थंड शेक द्यावा, ताण असह्य झाल्यास थोडेसेच दूध काढावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

३. भावंडांविषयी : 'बाळ झोपलं' किंवा 'झोपेत देवाघरी गेलं' असे सांगितल्यास थोरले मूल झोपायलाच घाबरू लागते. 'बाळाचं शरीर काम करेनासं झालं, ते परत येणार नाही, आणि तू काही केल्यामुळे असं झालेलं नाही' असे स्पष्ट शब्दांत सांगावे. नव्या बाळाचा हेवा वाटलेल्या भावंडाला या शेवटच्या वाक्याची विशेष गरज असते.

४. पुढील अपत्याविषयी : पुढच्या बाळाच्या वेळी पालक रात्र रात्र जागतात. ब्रिटनमध्ये १९८८ पासून अशा कुटुंबांसाठी नियमित गृहभेटींचा कार्यक्रम चालविला जातो. आपल्याकडे आशा कार्यकर्तीच्या गृहभेटींना अशी जोड देता येईल.

५. शैक्षणिक संस्थांविषयी : हा प्रश्न आपल्या कर्मचारी कक्षाबाहेरचा नाही. केंद्र शासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये जन्मानंतर २८ दिवसांच्या आत बाळ दगावल्यास महिला कर्मचाऱ्यांना काही अटींवर ६० दिवसांची विशेष प्रसूती रजा मंजूर केली. ब्रिटनमध्ये २०२० पासून अपत्य गमावलेल्या माता व पिता या दोघांनाही दोन आठवड्यांच्या रजेचा वैधानिक हक्क आहे. आकस्मिक अर्भकमृत्यू बहुधा दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात होतात, म्हणजे २८ दिवसांच्या मर्यादेत ते बसत नाहीत. महाविद्यालयांनी आपल्या अधिकारकक्षेत, मातेप्रमाणेच पित्यासाठीही, रजेची व कामाच्या सवलतीची तरतूद करावी. विवाहित विद्यार्थिनींच्या उपस्थितीचा व परीक्षेचा विचारही याच सहृदयतेने व्हावा.

समारोप

आकस्मिक अर्भकमृत्यूचे कोडे विज्ञान हळूहळू उलगडत आहे. काही मृत्यूंची कारणे जनुकांत, काहींची मेंदूच्या रचनेत सापडत आहेत. जे अद्याप सापडलेले नाही त्याला 'अज्ञात' म्हणणे हे विज्ञानाच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. समाजानेही तेवढाच प्रामाणिकपणा दाखविणे अपेक्षित आहे. अज्ञात आणि अपराध या दोन शब्दांमधील अंतर सॅली क्लार्क यांच्या बाबतीत न्यायालयाला राखता आले नाही आणि त्याची किंमत एका आईने मोजली. आपल्या घरी, शेजारी वा सहकाऱ्याच्या बाबतीत ते अंतर राखणे आपल्या हाती आहे. 'का' या प्रश्नाचे उत्तर आपण त्या पालकांना देऊ शकत नाही. परंतु त्या प्रश्नासह जगताना त्यांच्यावर दोषाचे ओझे लादले जाणार नाही, एवढी काळजी निश्चितच घेऊ शकतो.